बेदाण्याचा रंग यंत्राने मोजताना

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड आहे. यंदा रंग मोजण्याचे हातात धरायचे यंत्र घेतले. परंतु एकाच मण्यावर चार वेळा टेकवले, तर चार वेगळे आकडे येतात. यंत्र सदोष आहे का? मणी वाटून मोजावेत का?
– एक बेदाणा उत्पादक

उत्तर : सोबत मिळालेल्या पांढऱ्या टाइलवर यंत्र दर वेळी तोच आकडा दाखवत असेल, तर दोष यंत्रात नाही. असे यंत्र समोरचे पृष्ठ सपाट, एकसारखे आणि अपारदर्शक आहे असे धरून चालते. बेदाणा यांपैकी काहीच नसतो. सुरकुतीच्या खोलगट भागात सावली पडते, उंचवटा चकाकतो, यंत्राच्या तोंडाशी राहिलेल्या फटीतून प्रकाश निसटतो आणि थोडा प्रकाश सालीतून आत शिरून भलतीकडूनच बाहेर पडतो. परत न आलेला हा प्रकाश यंत्राच्या लेखी काळेपणाच ठरतो.

मणी मात्र वाटू नयेत. हळद पूड करूनच विकली जात असेल, तर पुडीचा रंग मोजणे योग्य आहे. बेदाणा वाटल्यावर सालीचा आणि गराचा रंग एकत्र होतो, आणि तो तर गिऱ्हाईक कधी पाहतच नाही.

एका मण्याऐवजी ढिगाचा रंग मोजावा. सपाट काचेच्या तळाच्या भांड्यात मणी इतके जाड भरावेत की तळातून प्रकाश आरपार जाणार नाही, वर काळे झाकण ठेवावे आणि खालून मोजावे. यंत्राचे तोंड जितके मोठे तितके चांगले, कारण 4 किंवा 8 मिलिमीटरच्या तोंडाला फार तर एखादा मणी दिसतो. एक मोजणी झाली की भांडे 90 अंशांनी फिरवावे. चार मोजण्यांनंतर मणी ओतून, हलवून पुन्हा भरावेत. असे तीन वेळा केल्यास बारा नोंदी मिळतात. काच स्वतःही थोडा प्रकाश परतवते, म्हणून हंगामभर तेच भांडे वापरावे. ओलसर मणी गडद दिसतो, तेव्हा सर्व नमुने सारखेच सुकलेले असावेत.

यंत्र रंगाचे एल, ए आणि बी असे तीन आकडे दाखवते. एल हा आकडा 0 ते 100 अशी उजळता सांगतो. ए ऋण असेल तर हिरवटपणा, धन असेल तर तांबूसपणा. बी धन असेल तर पिवळेपणा. सरासरीइतकेच नोंदींमधील अंतरही लिहून ठेवावे, आणि माझ्या मते बेदाण्यात तेच अधिक बोलके असते. हिरवे आणि तपकिरी मणी मिसळलेल्या मालाची सरासरी अशा रंगाची येते, ज्या रंगाचा एकही मणी त्या ढिगात नसतो. व्यापारी मूठभर माल तळहातावर फिरवून पाहतो, तेव्हा नेमकी ही मिसळ त्याच्या नजरेत भरते.

दोन यंत्रांचे आकडे ताडून पाहायचे असतील, तर दोन्हींवर प्रकाशाचा प्रकार आणि मोजणीचा कोन एकच असल्याची आधी खात्री करावी. काही यंत्रे चकाकी धरून मोजतात, काही वगळून. तुकतुकीत मालावर त्यांचे आकडे जुळत नाहीत.