दाढ पडली, आता तिथे काय येणार?

शब्दचर्चेसाठी आलेला प्रश्न असा: ‘दात’ आणि ‘दाढ’ हे दोन वेगळे प्रकार, की दाढ हाही दातच? पाठ्यपुस्तकात ‘उपदाढ’ असते, पण बोलताना तो शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. मग ती कुठली आणि कोणाची ‘उप’? शिवाय मुलाची दाढ पडली की मोठी माणसं ‘आता पक्की दाढ येईल’ म्हणतात, ते बरोबर आहे का?

पहिल्या प्रश्नाला फार वेळ नको. ‘दिवस’ हा शब्द जसा चोवीस तासांचाही असतो आणि रात्र वगळून उरलेल्या वेळेचाही, तसाच ‘दात’. ‘माणसाला बत्तीस दात असतात’ यात दाढा धरलेल्या आहेत. ‘दात दुखतोय की दाढ?’ असं विचारलं की त्या वगळलेल्या आहेत. दोन्ही वापर शुद्ध आहेत आणि ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. पण आधी ‘दाढ’ या शब्दाकडे बघू, कारण त्याने आपली जागा बदललेली आहे.

संस्कृत ‘दंष्ट्रा’, त्याचं प्राकृतात ‘दाढा’, आणि मराठीत ‘दाढ’. मूळ धातू ‘दंश्’, म्हणजे चावणं, डसणं. दंष्ट्रा म्हणजे चघळायचा दात नव्हे, तर भोसकायचा: सापाचा विषदंत, वाघाचा सुळा, रानडुकराचा बाहेर आलेला दात. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाची मुखं ‘दंष्ट्राकराल’ आहेत. तिथे अर्जुनाला मागच्या चपट्या दाढांची भीती वाटलेली नाही. वराहाने पृथ्वी दाढेवर उचलली असं आपण सहज म्हणतो. तोंडाच्या तळाशी असलेल्या दाढेवर काहीच उचलता येत नाही. वराहाचा तो दात म्हणजे त्याचा सुळा. ‘काळाच्या दाढेत सापडला’, ‘मृत्यूच्या दाढेतून सुटला’ या प्रयोगांतही जुना अर्थ टिकून आहे. माणसाच्या तोंडापुरती मात्र दाढ मागे सरकली आणि चावणारीची चावून बारीक करणारी झाली. पुढची रिकामी जागा ‘सुळ्या’ने घेतली. सूळ, सुळका यांच्याच घरातला हा शब्द, आणि टोकदार दाताला तो चपखल बसतो. मधल्या रेषेपासून मोजत गेलं तर हा तिसरा दात, आणि सगळ्या दातांत याचं मूळ सर्वांत लांब.

त्याच्या पुढचे चार वर आणि चार खाली ते पटाशीचे दात. हे नाव मला फार आवडतं, कारण ते सुताराच्या हत्यारावरून आलं आहे आणि दाताचं काम एका शब्दात सांगतं. पुस्तकी ‘कृंतक’ म्हणजेही कापणाराच, पण त्यात धार दिसत नाही. नुकत्याच आलेल्या पक्क्या पटाशीच्या दाताची कड सरळ नसते हे तुम्ही पाहिलं असेल. तिच्यावर तीन बारीक उंचवटे असतात आणि वापराने ते झिजून कड सपाट होते. ही पटाशी वापरूनच सरळ होते.

आता उपदाढ. दुधाचे दात वीस असतात: पटाशीचे आठ, सुळे चार, दाढा आठ. पक्के दात बत्तीस: पटाशीचे आठ, सुळे चार, उपदाढा आठ, दाढा बारा. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की उत्तर समोर येतं. दुधाच्या दातांत उपदाढ नाहीच. दुधाच्या दाढा आठ आणि पक्क्या उपदाढा आठ, हा योगायोग नव्हे. दुधाची दाढ पडते तिच्या जागी पक्की दाढ येत नाही, उपदाढ येते. आणि ज्यांना आपण पक्क्या दाढा म्हणतो त्या बाराच्या बारा, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, मोकळ्या हिरडीतून येतात. त्यांच्या आधी तिथे कोणी नव्हतं आणि त्यांच्यासाठी कोणी पडलेलं नाही.

दंतवैद्यांच्या आकड्यांत हे फार स्वच्छ दिसतं. त्यांच्या दोन अंकी पद्धतीत पहिला अंक तोंडाच्या चार भागांपैकी एकाचा आणि दुसरा मधल्या रेषेपासूनच्या क्रमाचा. पक्क्या दातांचे भाग 1 ते 4, दुधाच्या दातांचे 5 ते 8. हे आकडे एकेक करून वाचायचे असतात, म्हणजे 36 हा ‘छत्तीस’ नव्हे, ‘तीन-सहा’. खालच्या डाव्या बाजूची दुधाची दुसरी दाढ 75. ती पडली की येते 35, म्हणजे दुसरी उपदाढ. आणि 36, म्हणजे पहिली पक्की दाढ, ही त्यांच्या मागे बसलेली असते, तीही 75 पडायच्या बरीच आधीपासून.

मग ‘उप’ कशासाठी? ‘उपाध्यक्ष’ म्हटल्यासारखी ही दुय्यम दाढ वाटते, आणि आकाराने ती लहान असतेही. बहुतेक उपदाढांना चावायच्या पृष्ठावर दोनच टोकं, दाढेला चार-पाच. पण ‘उप’चा मूळ अर्थ ‘जवळ’ असा आहे, आणि तो घेतला तर शब्द जास्त नेमका होतो: दाढेच्या शेजारची ती उपदाढ. ‘अग्रचर्वणक’ हा दुसरा पारिभाषिक शब्दही जागाच सांगतो, पण तो परीक्षेपुरताच जिवंत आहे. बोलण्यात लोक उपदाढेलाही दाढच म्हणतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. दुधाची दाढ रुंद असते आणि तिच्या जागी येणारी उपदाढ तिच्याहून अरुंद, एवढं मात्र लक्षात ठेवावं. खालच्या जबड्यात हा फरक जास्त असतो आणि त्यातून उरलेली थोडी जागा पक्के दात रांगेत बसताना कामी येते.

इथे एक जुना शब्द आठवतो: द्विज. दोनदा जन्मणारा. अमरकोशात त्याचे तीन अर्थ एकत्र दिले आहेत: दात, विप्र आणि अंड्यातून जन्मणारे, म्हणजे पक्षी वगैरे. दात पडतो आणि पुन्हा येतो, म्हणून द्विज. पण वरचा हिशेब लावला तर बत्तीसपैकी वीसच दात या नावाला पात्र ठरतात. बारा दाढा एकदाच जन्मतात. ही गोष्ट आपल्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. काश्यपसंहितेत दातांच्या जन्मावर वेगळा अध्याय आहे, आणि बत्तीस दातांपैकी आठ ‘सकृज्जात’, म्हणजे एकदाच जन्मलेले, बाकीचे द्विज, असा भेद तिथे केला आहे. आकडा आजच्या मोजणीशी जुळत नाही, बारा हवेत. पण काही दात पूर्वजाशिवाय येतात हे ओळखणं आणि त्यासाठी वेगळा शब्द घडवणं, याला दाद द्यावीच लागते. आजच्या मराठीत या दातांसाठी असा शब्द नाही, आणि ‘पक्की दाढ’ म्हटल्यावर ‘मग कच्ची कुठली?’ असा चुकीचा शोध सुरू होतो.

गर्भातली घडणही हाच भेद दाखवते. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना जबड्यांच्या कडेने पेशींची एक पट्टी तयार होते आणि तिच्यावर दुधाच्या दातांचे अंकुर धरतात. पुढच्या वीस पक्क्या दातांचे अंकुर या दुधाच्या अंकुरांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूला फुटतात. दाढांचं तसं नाही. तीच मूळ पट्टी मागे मागे वाढत जाते आणि तिच्यावर थेट दाढांचे अंकुर येतात. पहिल्या दाढेचा अंकुर गर्भाच्या चौथ्या महिन्यात, दुसऱ्या-तिसऱ्यांचे जन्मानंतर. म्हणजे वंशावळ काटेकोरपणे लावायची तर पक्की दाढ ही दुसऱ्या पिढीची नाहीच. ती पहिल्याच पिढीची उशिरा आलेली बहीण आहे, फक्त ती पडत नाही.

‘दात येतो’ हा आपला प्रयोग किती नेमका आहे, तेही यावरून कळतं. केस वाढतात, नखं वाढतात, पण दात येतो. सहाव्या-सातव्या वर्षी दिसणाऱ्या पहिल्या दाढेवर खनिजाचा थर बसायला सुरुवात होते जन्माच्या सुमारास, आणि तिचा माथा तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण झालेला असतो. पुढची काही वर्षं ती हाडात तयार होऊन थांबलेली असते. हिरडीतून बाहेर पडते तेव्हा माथ्यात भर पडायची राहिलेली नसते. एनॅमल, म्हणजे माथ्यावरचं कठीण कवच, घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येताना नष्ट होतात, म्हणून एनॅमल झिजलं किंवा किडलं तर शरीर ते पुन्हा घडवत नाही. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज, आणि दुरुस्तीची सोय नाही. त्याला ‘दंतवल्क’ असा प्रतिशब्द आहे. वल्क म्हणजे झाडाची साल, आणि ती तर झाडासोबत वाढत राहते, त्यामुळे हा शब्द मला पटत नाही. ‘एनॅमल’ चालू द्यावं. त्याच्या आतलं डेंटिन मात्र जिवंत पेशींच्या ताब्यात असतं आणि आतल्या बाजूने आयुष्यभर थोडं थोडं भरत जातं. त्याच्याही आत जो मऊ गर असतो त्याला लोक ‘दाताची नस’ म्हणतात. मराठीत ‘नस’ रक्तवाहिनीलाही म्हणतात आणि मज्जातंतूलाही. त्या गरात दोन्ही आहेत, तेव्हा हा लोकशब्द दोन्ही अंगांनी खरा.

मूळ मात्र उशिरा पुरं होतं. दात दिसू लागतो तेव्हा ते अर्धवट असतं आणि पुढच्या साधारण तीन वर्षांत त्याचं टोक बंद होतं. वरच्या दाढांना बहुधा तीन मुळं, खालच्यांना दोन. दुधाच्या दातांना मूळच नसतं असा समज आहे, कारण पडलेला दात खालून पोकळ दिसतो. त्यांनाही मुळं असतात. खालून पक्का दात वर सरकताना ती विरघळतात. म्हणूनच खाली उपदाढेचा अंकुर मुळात धरलाच नसेल, तर दुधाची दाढ कधी कधी मोठेपणीही शाबूत राहते. तिला तेव्हा ‘दुधाची’ म्हणायचं की ‘कायमची’, हे वादाच्या हौशींनी ठरवावं.

हा सगळा शब्दांचा कीस वाटला, तरी एका ठिकाणी त्याचा थेट उपयोग आहे. पहिली पक्की दाढ काहीही न पाडता गुपचूप येते आणि तिचा आकार शेजारच्या दुधाच्या दुसऱ्या दाढेसारखाच असतो. घरचे तिला दुधाचीच समजतात. ‘किडली तर किडली, पडणारच आहे’ असं म्हणून दुर्लक्ष होतं, आणि आयुष्यभर चावायची दाढ पहिल्या काही वर्षांत हातची जाते. मधल्या रेषेपासून मागे मोजत गेल्यावर दुधाच्या पाचव्या दाताच्या पलीकडे जो सहावा दिसेल, तो पक्का. दात येण्याच्या वक्तशीरपणाचा एकेकाळी कायद्यासाठीही आधार घ्यायचं सुचवलं गेलं होतं. इंग्लंडमध्ये 1833च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवायला बंदी घातली, पण मुलांच्या जन्माची नोंदच नसायची. तेव्हा एडविन साँडर्स या दंतवैद्याने 1837 साली मुलांचे दात तपासून वय ठरवावं असा मुद्दा मांडला.

दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या आगेमागे येते. तिसरी सतराव्या वर्षानंतर कधीही, किंवा कधीच नाही. तीच अक्कलदाढ. ‘अक्कल’ अरबीतून आलेली आणि अरबीतही या दाढेला ‘अकलेची दाढ’च म्हणतात, लॅटिनमध्येही तिचं नाव शहाणपणावरूनच आहे. काहींना ती एकही येत नाही, त्यामुळे अठ्ठावीस दातांचं तोंडही अगदी निरोगी असू शकतं. तरी ‘बत्तिशी’ म्हणताना आपण मोजत बसत नाही, आणि कवळीलाही बत्तिशीच म्हणतो.

तेव्हा मुलाची दाढ पडल्यावर काय म्हणायचं? ‘आता पक्का दात येईल’ म्हणा, ते सगळीकडे चालतं. लिहिताना काटेकोर व्हायचं असेल तर ‘दुधाच्या दाढेच्या जागी उपदाढ येते’ असं लिहा. आणि लिंग-वचनाचं विचारलं नसलं तरी सांगतो: दात पुल्लिंगी, अनेकवचनही दात, दाढ स्त्रीलिंगी, अनेकवचन दाढा, विभक्तीत दाढेला, दाढांना. ‘दाढ्या’ मात्र दाढीच्या असतात.