मूकपट: वेस्टर्न कुठून सुरू करावेत?

प्रश्न: अमेरिकन मूकपटांतले वेस्टर्न, म्हणजे काउबॉयांचे चित्रपट, पाहायचे आहेत. यूट्यूबवरच्या प्रतीत माणसं तुरुतुरु पळतात आणि रात्रीचा प्रसंग भर उन्हात दिसतो. दोष कुणाचा? आणि आधी काय पाहावं?

उत्तर: दोष प्रतीचा. त्या काळी बरेच चित्रपट सेकंदाला १६ ते २० चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित होत. ते २४ने चालवले की चाल धावरी होते. अशा वेळी प्लेबॅक स्पीड ०.७५ करा, म्हणजे वेग १८वर येईल. संगीत मात्र रेंगाळेल, तेव्हा आवाज बंदच ठेवा. रात्रीचे प्रसंग सर्रास दिवसा चित्रित करून फिल्म निळी रंगवत. काळ्या-पांढऱ्या नकलेत तो निळा रंग उडतो आणि रात्रीचा दिवस होतो. म्हणून रंगछटा राखलेली, पुनरुज्जीवित प्रतच शोधा.

सुरुवात विल्यम एस. हार्टच्या ‘हेल्स हिंजेस’ने (१९१६) करा. तासाभराचाच आहे, पण शेवटी अख्खं गाव पेटतं ते पाहाच. मग जॉन फोर्डचा ‘द आयर्न हॉर्स’ (१९२४). याच्या दोन आवृत्त्या आहेत, अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय. लांबलचक असली तरी अमेरिकन घ्या.

आणि ‘द विंड’ (१९२८) चुकवू नकाच! दिग्दर्शक व्हिक्टर स्योस्ट्रॉमने मोहावी वाळवंटात विमानाचे पंखे लावून वाळू उडवली. ती दारातून, खिडकीतून घरात घुसत राहते आणि नायिका लिलियन गिशच्या डोळ्यांतली भीती प्रसंगागणिक वाढत जाते. एकही शब्द न ऐकता वारा ऐकू येतो. माझ्या मते या काळातला इतका अस्सल अभिनय दुसरा नाही.

वेस्टर्न सोडून निव्वळ नाट्य हवं असेल तर किंग विडॉरचा ‘द क्राउड’ (१९२८).