वाचक विचारतात: शहराच्या पोटातलं गाव

प्रश्न : माझी लेक बर्लिनमध्ये नर्स आहे. नॉयक्योल्न नावाच्या भागात राहते. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं घरामागच्या गल्ल्या दाखवल्या. चारी बाजूंनी पाच-पाच मजली इमारती आणि मध्येच कौलारू बैठी घरं, लोहारखाना, जुनं चर्च. त्याला तिथं ‘बोहेमियन गाव’ म्हणतात म्हणे. शहराच्या पोटात हे गाव राहिलं कसं? आमचं अनगोळही बेळगाव शहरात गेलं. जिथं बासमती भात पिकायचं तिथं आता प्लॉटचे दगड दिसतात, म्हणून विचारतो. — एक वाचक, अनगोळ

उत्तर : त्या भागाचं जुनं नाव रिक्सडॉर्फ. 1360 साली सेंट जॉनच्या सरदार-संन्याशांनी (हो, तलवारवाले संन्यासी!) ते गाव वसवल्याची सनद आहे. आज रिखार्डप्लाट्स म्हणतात तो लांबट चौक म्हणजे त्या गावाचा मधला भाग. लेकीला दिसलेला लोहारखाना तिथलाच असणार.

बोहेमियन आले ते पुष्कळ नंतर. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक देशाचा पश्चिमेकडचा मोठा भाग. तिथं 1620 च्या लढाईनंतर प्रोटेस्टंट लोकांना कॅथॉलिक व्हा नाहीतर देश सोडा, असं झालं. कित्येक घराणी पिढ्यानपिढ्या लपून प्रार्थना करत राहिली आणि शेवटी बाहेर पडली. प्रशियाचा (बर्लिन राजधानी असलेल्या तेव्हाच्या जर्मन राज्याचा) राजा फ्रीड्रिश विल्हेल्म पहिला याला माणसं हवीच होती. 1737 मध्ये त्यानं रिक्सडॉर्फला 18 कुटुंबांसाठी 9 जोडघरं बांधून दिली, सोबत जमीन आणि जनावरं. राजे लोक उगाच दयाळू होत नसतात. कसणारे हात आले की सारा येतो, हा हिशेब त्यात होताच.

तेव्हापासून एकाला लागून एक अशी दोन गावं झाली, जर्मन रिक्सडॉर्फ आणि बोहेमियन रिक्सडॉर्फ. भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी, पुढं कारभारही वेगळा. आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला नको. शहापूर सांगली संस्थानात आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या मुलखात, ही तऱ्हा आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेली आहे.

1 जानेवारी 1874 ला ही दोन्ही गावं एक केली. तेव्हा वस्ती जेमतेम 8 हजार. मग बर्लिनला वेढा घालणारी रेल्वे आणि कारखान्यांच्या कामावर आलेले मजूर यांनी शिवार गिळलं. अंगणामागं अंगण अशा पाच मजली चाळी उठल्या. 1899 ला शहराचा दर्जा मिळाला, आणि 1910 पर्यंत लोकसंख्या 2 लाख 30 हजारांच्या वर गेली. मी मोजणी खात्यात नोकरी केली. कुरणाचे गुंठे आणि गुंठ्यांचे एनए होताना डोळ्यांनी पाहिलंय, तरी हा वेग वाचून मान डोलावली.

शहर मोठं झालं तशी नावाची लाज वाटू लागली. रिक्सडॉर्फ म्हटलं की बर्लिनकरांना दारूचे गुत्ते, नाचगाणी आणि रविवारची धिंगाणेबाज गर्दी आठवायची. अब्रूदार भाडेकरू यायला तयार होईनात. म्हणून 27 जानेवारी 1912 ला, कैसरच्या म्हणजे जर्मन सम्राटाच्या वाढदिवशी, ‘नॉयक्योल्न’ हे नाव घेतलं. गंमत बघा, त्याच वर्षी बोहेमियनांच्या वंशजांनी किर्शगासे या गल्लीत 1737 च्या त्या राजाचा पुतळा उभारला. गावानं नाव टाकलं आणि गावातल्यांनी आपण कुठून, कोणामुळे आलो ते दगडावर कोरून ठेवलं!

बर्लिनमध्ये नॉयक्योल्न गेलं ते 1 ऑक्टोबर 1920 ला. त्या एका कायद्यानं बर्लिनला 7 शहरं, 59 गावं आणि 27 जहागिरी जोडल्या. प्रशियाच्या विधिमंडळात 165 विरुद्ध 148 अशा मतांनी तो कसाबसा पास झाला. पश्चिमेकडच्या श्रीमंत उपनगरांचा विरोध होता, आमचा कर तुमच्या गरिबांवर का म्हणून. नॉयक्योल्न मजुरांचं, त्यामुळे तिथं हे जोडणं पुष्कळांना हवंच होतं. गाव शहरात जाणं म्हणजे सगळीकडे रडारडच, असं नसतं.

आता तुमचा खरा प्रश्न : राहिलं कसं? माझं मत सांगतो. पंचायत गेली तरी बोहेमियनांची मंडळी गेली नाही. त्यांची प्रार्थनासभा, 1753 मधली शाळेची इमारत, 1751 पासूनची दफनभूमी हे सगळं त्यांच्या स्वतःच्या कारभारात होतं. सरकारनं कितीही वेळा नकाशा बदलला तरी दर रविवारी तिथं जमायला कारण होतं. 1849 च्या आगीत वस्तीचा मोठा भाग जळाला, दुसऱ्या महायुद्धात प्रार्थनासभेचं सभागृह गेलं. दोन्ही वेळा पुन्हा बांधलं. आपल्याकडे गल्लीची पंच कमिटी आणि देवस्थानाचा हिशेब जिवंत आहे तिथं गाव जिवंत आहे. जिथं कमिटीत भांडणं होऊन कुलूप लागलं, तिथं उरतो तो बसथांब्यावरचा बोर्ड. पटत नसेल तर कळवा, वाद घालायला मला आवडतं.

लेकीला सांगा, दफनभूमी जरूर बघ. जुन्या दगडांवरचा मजकूर चेक भाषेत आहे, आणि बोहेमियनांच्या पंथाच्या रिवाजाप्रमाणं सगळे दगड जमिनीसरशी आडवे, श्रीमंताचा उंच आणि गरिबाचा ठेंगणा असं काही नाही. किर्शगासेत वस्तीचं छोटं संग्रहालयही आहे. ते ठराविक दिवशीच उघडं असतं, तेव्हा आधी चौकशी करून जायला सांगा.

प्रश्न : एकदा जोडलेलं गाव परत सुटतं का? आमच्याकडे यावर पैज लागली आहे. — एक वाचक, निपाणी

उत्तर : जर्मनीतच सुटलंय. हेसे राज्यानं 1 जानेवारी 1977 ला गीसेन आणि वेट्झलार ही दोन शहरं आणि मधली 14 गावं मिळून ‘लान’ नावाचं एक शहर केलं. लान ही तिथली नदी. लोक इतके चिडले की त्याच वर्षीच्या स्थानिक निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना दणका बसला. 1979 च्या उन्हाळ्यात लान शहर मोडलं, आणि गीसेन अन् वेट्झलार पुन्हा आपापल्या नावानं नांदू लागली. गावांचं मात्र सगळंच जुन्यासारखं झालं नाही. अट्सबाख, डोर्लार आणि वाल्डगिर्मेस या तिघांची मिळून लानाऊ ही नवी पंचायत झाली, काही गावं दोन शहरांकडेच राहिली. त्यामुळे पैज लावणाऱ्या दोघांनीही निम्मे निम्मे पैसे काढावेत.