धंद्याचा ईमेल कॉम्प्युटरवर येतो, पण मोबाईलवरून गायब होतो आणि तिथून पाठवताही येत नाही. काय करू?

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

मेल गायब होतात, याचा अर्थ कॉम्प्युटरवरचं अकाउंट बहुतेक पॉप (POP) पद्धतीने जोडलेलं आहे. पॉप सर्व्हरवरचे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेतं आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल तर तिथून पुसूनही टाकतं. मग मोबाईलच्या वाट्याला काय येणार? शिवाय सगळी कोटेशनं, ऑर्डरी, बिलं एकाच हार्ड डिस्कवर. ती बिघडली की सगळंच गेलं. धंद्याच्या ईमेलला पॉप नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर आयमॅप (IMAP) ही दुसरी पद्धतच लावा. त्यात मेल सर्व्हरवर राहतात आणि सगळीकडे तेच दिसतात. फक्त एका ठिकाणी डिलीट केलेला मेल सगळीकडूनच जातो, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा.

जुनं पॉप अकाउंट मात्र लगेच काढू नका. थंडरबर्ड किंवा आउटलुक अशा कॉम्प्युटरवरच्या ईमेल प्रोग्रॅममध्ये त्याच पत्त्याचं आयमॅप अकाउंट शेजारी जोडा आणि जुने मेल ओढून त्याच्या फोल्डरमध्ये टाका, म्हणजे ते सर्व्हरवर चढतील. सर्व्हरवर तेवढी जागा आहे ना, ते आधी बघा. एकदम हजारो मेल ओढू नका, थोडे थोडे हलवा. मेल मोबाईलवर दिसले, उघडले, की मगच जुनं अकाउंट काढा.

सर्व्हरचं नाव होस्टिंगवाल्यांकडून, म्हणजे ज्या कंपनीकडे तुमचा ईमेल आहे तिच्याकडून घ्या. यूजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता, नुसता अ‍ॅटच्या आधीचा भाग नव्हे. हे फार जणांचं चुकतं. सेटिंगमध्ये पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) आणि सुरक्षिततेचा प्रकार विचारतात. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट ९९३, एसएसएल (SSL). जाणाऱ्यासाठी ४६५ आणि एसएसएल, किंवा ५८७ आणि स्टार्टटीएलएस (STARTTLS). जुन्या माहितीत पोर्ट २५ दिसेल, ते सोडून द्या. इंटरनेट कंपन्या ते बऱ्याचदा बंद ठेवतात.

आता पाठवण्याचं. आयफोनवर 'आउटगोइंग मेल सर्व्हर'खाली यूजरनेम आणि पासवर्डच्या रकान्यांत फिकट अक्षरांत 'ऑप्शनल' लिहिलेलं असतं. ते वाचून लोक रकाने रिकामे सोडतात, आणि मग मेल येतात पण जात नाहीत. तिथेही तोच पूर्ण पत्ता आणि तोच पासवर्ड भरा. अँड्रॉइडवर जीमेल अ‍ॅपमध्ये 'अदर' निवडून अकाउंट जोडता येतं. तिथे आउटगोइंगच्या पानावर 'साइन-इन आवश्यक' चालू आहे का, ते तपासा.

सर्टिफिकेटचं, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राचं, नाव जुळत नाही अशी सूचना आली, तर डोळे मिटून 'पुढे चला' दाबू नका. बऱ्याचदा होस्टिंगवाल्यांच्या सर्व्हरचं मूळ नाव टाकलं की ती जाते. आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू असताना बरोबर पासवर्डही चुकीचा म्हणत असेल, तर काही सेवांमध्ये वेगळा अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे फक्त त्या मेल अ‍ॅपसाठीचा पासवर्ड, तयार करावा लागतो.

शेवटी मोबाईलवरून एक मेल पाठवा आणि तो कॉम्प्युटरच्या 'सेंट'मध्ये दिसतो का बघा. दिसला नाही, तर दोन्हीकडचे सेंट फोल्डर वेगळे आहेत. आयफोनवर अकाउंटच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये सर्व्हरवरचा सेंट फोल्डर निवडून देता येतो.