हॅरिसनचे तिसरे घड्याळ

चि.,
अनेक आशीर्वाद.

इतकी वर्षे खपून उभे केलेले यंत्र अर्ध्यावर टाकणे म्हणजे चिकाटी संपल्याची कबुली होय, असे तू लिहिले आहेस आणि त्यासाठी जहाजावर चालणारी अचूक घड्याळे बनवणाऱ्या अठराव्या शतकातल्या इंग्रज कारागिराचा, जॉन हॅरिसनचा, दाखला दिला आहेस. माणूस योग्य निवडलास, पण त्याची साक्ष तुझ्या विरुद्ध जाते.

समुद्रावर रेखांश अर्ध्या अंशापर्यंत अचूक सांगणाऱ्या पद्धतीला ब्रिटिश संसदेने 1714 मध्ये 20,000 पौंडांचे बक्षीस लावले. मूळ बंदराची वेळ दाखवणारे घड्याळ जवळ असेल तर जहाजावरच्या वेळेशी तिचा फरक पाहून रेखांश काढता येतो. अर्धा अंश म्हणजे वेळेच्या हिशेबात अवघ्या दोन मिनिटांची चूक, आणि ही अचूकताही काही आठवड्यांच्या सफरीनंतर, जहाजाचे हेलकावे व हवामानातील बदल सोसून राखायची. यॉर्कशायरच्या एका सुताराचा मुलगा असलेल्या हॅरिसनचे पहिले घड्याळ 1736 मध्ये लिस्बनची सफर करून आले तेव्हा सगळे प्रसन्न होते; या बक्षिसाचा निवाडा करणाऱ्या रेखांश मंडळासमोर त्याचे दोष मात्र हॅरिसनने स्वतःच मांडले आणि दुसरे घड्याळ करण्यासाठी मदत मागितली. त्या दुसऱ्याच्या रचनेतच खोट आहे हे ध्यानात येताच त्याने तेही बाजूला ठेवले. तिसऱ्यावर जवळजवळ एकोणीस वर्षे गेली. तू अडकला आहेस तो टप्पा हाच, म्हणून इथे थोडे थांब. मोठ्या, संथ यंत्राऐवजी लहान आणि जलद हेलकावणारे चक्रच जहाजाच्या हालचालीला पुरे पडते, हे त्याला उमगले ते एका खिशातल्या घड्याळावरून, आणि तेव्हा त्याने साठीच्या उंबरठ्यावर आपली सगळी दिशा बदलली. 1759 मध्ये पूर्ण झालेले चौथे घड्याळ जेमतेम 13 सेंटिमीटर व्यासाचे होते. जमैकाच्या सफरीत ते सुमारे पाच सेकंदच मागे पडले.

तिसऱ्या घड्याळाची वर्षे वाया गेली असेही समजू नकोस. तापमानामुळे पडणारा फरक भरून काढणारी दोन धातूंची पट्टी त्याच खटपटीतून निघाली, आणि ती आजही वापरात आहे.

बक्षिसावरून हॅरिसन आणि मंडळ यांच्यात पुढे झालेला तंटा तुला फार भावलेला दिसतो. मंडळातला शाही खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन याला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण आकाशात चंद्र आणि तारे यांच्यातले कोनीय अंतर मोजून रेखांश काढण्याची त्याची पद्धत खरोखर चालत होती आणि घड्याळापेक्षा पुष्कळ स्वस्तही पडत होती.

पुढच्या पत्रात तुझ्या यंत्राचे फक्त दोष लिहून पाठव. ते दुरुस्तीने जाणारे आहेत की मूळ रचनेतलेच, हे आपण मिळून पाहू.

तुझा शुभचिंतक