गटारावरची लादी आणि आवक नंबर

प्रश्न : आमच्या वाड्यावर तीन कटकटी आहेत. कोपऱ्यावरचा दिवा महिनाभर बंद, गटारावरची लादी फुटलेली आणि नळाची लाईन फुटून रस्त्यावर पाणी. नगरसेवकांना फोटो पाठवले, तर मोबाईलवर अंगठा आला, माणूस कोणी आला नाही. पालिकेला पत्र दिलं, तेही गडप. चवथ तोंडावर आली, मुंबईची माणसं यायची आहेत. जावं कुठे? आणि अर्ज मराठीत चालतो का?
– एक वाचक, उत्तर गोवा

उत्तर : ताई, निवृत्त होईपर्यंत 26 वर्षं मी एका पालिकेच्या आवक टेबलावर शिक्के मारले. तुमचं पत्र कुठे गेलं असेल, ते न बघताच सांगतो. तीन तक्रारी एका कागदावर आल्या की अभियंता शेरा मारतो, ‘वीज खात्याशी संबंधित’, आणि कागद फायलीला लागतो. लादी दिव्याबरोबर जाते. असे कागद मीही फायलीला लावलेत, खोटं कशाला बोलू.

तेव्हा तीन वेगळे अर्ज. आपल्याकडे रस्त्यावरचा दिवा वीज खात्याचा. 1912 वर फोन करा. खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तो सांगा, नसला तर शेजारच्या घराच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक द्या. नळाची लाईनही पालिकेची नव्हे. पाण्याच्या बिलावर ज्या उपविभागाचं नाव आहे, तिथे अर्ज द्या.

उरली लादी. रस्ता अंतर्गत असेल तर गटार बहुतेक पालिकेचं, मुख्य रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याचं. पालिकेत ‘आमचं नाही’ म्हणाले तर तेवढंच अर्जावर लिहून मागा. तोंडी ‘नाही’ला किंमत नसते.

‘लादी फुटली आहे’ एवढंच लिहू नका. ट्रक वळवताना मागचं चाक लादीवर चढतं, त्यामुळे अशा लाद्या गावभर फुटतात. तुमची कुठली? घुमटीपासून किती पावलांवर, रस्त्याच्या कुठल्या बाजूला, भोक किती हात, सळी वर आली आहे का, शाळेची मुलं तिथून जातात का, ते लिहा. कोणीतरी भोकात माडाचं चुडत खोचलं असेलच, आपल्याकडे धोक्याचा बावटा तोच. फोटो काढताना ते बाजूला काढू नका. हिरवं चुडत म्हणजे तक्रार कालची. वाळून तांबूस झालेलं दिसलं की किती आठवडे झाले ते साहेबालाही कळतं.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर. क्लार्क म्हणेल, ‘ठेवून जा, नंतर मारतो.’ हलू नका. मीही हेच म्हणायचो, आणि जे उभे राहायचे त्यांनाच नंबर मिळायचा. त्या प्रतीची झेरॉक्स नगरसेवकांना द्या. अंगठ्यावरून त्यांच्यावर रागावू नका. फोटो घेऊन त्यांना बैठकीत काही विचारता येत नाही, नंबर घेऊन येतं.

पंधरा दिवसांनी त्याच नंबरचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या. त्यावरही शांतता असेल तर माहिती अधिकार, 2005 चा कायदा. दहा रुपये फी, उत्तराला 30 दिवस. त्यात ‘काम का केलं नाही?’ असं विचारू नका. ‘का’ ही कागदावरची माहिती नव्हे, असं उत्तर येतं आणि दहा रुपये फुकट जातात. ‘आवक नंबर अमुक, या अर्जावरील टिपण्या व शेरे यांच्या प्रती द्याव्यात’ असं मागा. ती फाईल शोधायला कोणीतरी उठतं, आणि ती टेबलावर आली की पुष्कळदा कामही होऊन जातं.

मराठीत बिनधास्त लिहा. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर सरकारी कामासाठी मराठीलाही जागा आहे. माझ्या टेबलावर निम्मे अर्ज मराठीच असायचे. इंग्रजीतले ‘काइंडली डू द नीडफुल’वाले जास्त हलायचे असं काही नाही.

चवथीपर्यंत नवी लादी बसेलच असं मी सांगणार नाही. पावसाचं कारण त्यांच्याकडे तयार असतं. दिव्याचा फोन मात्र आजच करा. मुंबईची माणसं रात्रीच्या बसने येतात, अंधारात त्यांना चुडत दिसायचं नाही.