शब्द बदलले, नगारा तोच

प्रश्न: आमचे बुवा नाट्यपदाच्या चालीवर अभंग बसवतात आणि गजराला अख्खा मांडव डोलतो. मग आनंद शब्दांत की चालीत? युरोपातले मोठे रचनाकार हे कसं साधत? – एक पखवाजवादक, कणकवली

उत्तर: पखवाज वाजवता, तर जर्मन रचनाकार बाख ऐकाच. १७३३च्या डिसेंबरात त्याने पोलंडची राणी मारिया योझेफा हिच्या वाढदिवसासाठी लायप्झिगमध्ये एक रचना केली. पहिलेच शब्द ‘नगाऱ्यांनो, वाजा! कर्ण्यांनो, घुमा!’ अशा अर्थाचे. म्हणून सुरुवात एकट्या नगाऱ्याने. त्याला बासऱ्या उत्तर देतात, पुढे कर्णे येतात, आणि गायकांचा ताफा उठतो तो सगळे एका सुरात नगाऱ्याचाच बोल म्हणत. पुढच्याच वर्षी नाताळासाठी बाखने हेच संगीत घेतलं, शब्द नवे घातले: ‘जल्लोष करा, हर्ष करा’. नगाऱ्याचं नाव गेलं, पण बोल तसाच राहिला आणि नव्या शब्दांना चपखल बसला. तुमचे बुवा करतात ते हेच. माझ्या मते शब्द चालीला जन्म देतात. पण चाल सकस असली की ती दुसऱ्या शब्दांनाही पोसते.

त्याच काळातल्या हेंडेलने ‘मसाया’ या ख्रिस्तावरच्या गायनरचनेत (१७४२) ‘आनंद कर’ एवढ्यावर सोप्रानोला, म्हणजे उंच स्त्रीआवाजाला, लांबलचक ताना दिल्या आहेत. सुरेख आहेत, पण तो एका तयार गळ्याचा आनंद.

बेथोव्हेनला तो सगळ्यांचा हवा होता. जर्मन कवी शिलरची आनंदावरची कविता १७८५ची. ती जिच्या शेवटी गायली जाते ती बेथोव्हेनची नववी सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यमेळाची रचना, व्हिएन्नात १८२४ साली वाजली. मी इथे वेंगुर्ल्यात पेटी शिकवते, नव्या मुलांनाही त्या कवितेची चाल देते. तिची पहिली ओळ: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. उड्या जवळजवळ नाहीतच. सिंफनीत आधी ती खर्जातल्या तंतुवाद्यांवर, अगदी हलक्या आवाजात येते. मग एकेक वाद्य ती उचलतं, शेवटी कर्ण्यांसकट सगळा मेळ. शब्द त्यानंतर. तोवर ऐकणाऱ्याच्या ओठांवर चाल आलेली असते!

आणि एक जागा खास तुमच्यासाठी. या चालीची चौथी ओळ समेची वाट बघत नाही, एक मात्रा आधीच उठते. तालमीत ती दोन्ही तऱ्हांनी म्हणवून घ्या, आधी समेवरून, मग मात्राभर आधी, आणि ठेका तुम्हीच धरा.